किझाया हॅनाफर्डचा ॲडमिरल

इंग्लंडमधल्या सॉल्टॅशच्या धक्क्यावरून पलीकडच्या तीरावरच्या माणसाला बोलवायचं, तर मध्ये टेमार नदीचं एवढं रुंद पात्र. बहुतेक जण रुमाल हलवून भागवतात. किझाया हॅनाफर्डला रुमाल लागत नसे. कमरेवर हात ठेवून ती नुसतं म्हणायची, "जॅक, होडी आण!" आणि पलीकडे जॅक नावाडी हातातला चहा अर्धा ओतून देऊन उठायचा. ती शिंपल्या विकायची. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून स्वतः गोळा करायची, टोपल्या भरून स्वतः वल्ही मारत प्लिमथच्या बाजाराला न्यायची, आणि तिच्या शेजारी बसलेल्या कोळणींची गिऱ्हाइकं हाकेसरशी ओढून घ्यायची. नवरा गोदीत बॉयलर साफ करायचा. घरी त्याच्यावर बोलायची पाळी क्वचितच यायची, म्हणून गावात तो शांत माणूस म्हणून प्रसिद्ध होता.

त्यांचा थोरला मुलगा सायलस. हाडापेरानं मजबूत, केस तांबडे, आणि आवाज थेट आईचा. घरात मायलेकांचं बोलणं सुरू झालं की शेजारच्या मिसेस टोझर खिडकी लावून घ्यायच्या. भांडण नसायचंच; मीठ कुठं आहे एवढंच विचारणं चाललेलं असायचं.

सायलस पंधरा वर्षांचा झाला तेव्हा आरमारात भरती व्हायचं त्याच्या मनानं घेतलं. किझाया चिडली. तिच्या बोटीवर दुसरं वल्हं कोण मारणार?

"आरमारात काय ठेवलंय रे? दिवसभर डेक घासायचं आणि शनिवारी मोजे धुवायचे. ते तुला घरी नाही येत?"

"आई, जग बघायला मिळतं."

"जग काय बघायचंय? समोर प्लिमथ आहे की!"

तेव्हा बाप पाइप तोंडातून काढून म्हणाला, "जाऊ दे त्याला, किझाया. एका घरात दोन भोंगे नकोत." वर्षाकाठी तो असं एखादंच वाक्य बोलायचा, त्यामुळे त्याचं वजन पडलं. सायलस गेला.

डेव्हनपोर्टच्या प्रशिक्षण जहाजावर पहिल्याच आठवड्यात कवायतीच्या शिक्षकानं पोरांना एकेक करून हुकूम ओरडायला लावलं. कुणाचा आवाज फाटला, कुणाचा फुटलाच नाही. सायलसनं तोंड उघडलं आणि शेजारी नांगरलेल्या जहाजावरची पोरं सावधान उभी राहिली. शिक्षक कानात बोट घालून म्हणाला, "बाळा, तुझं घर कुठं?"

"सॉल्टॅश, साहेब."

"शिंपलीवालीचा का तू? मग बरोबर. तिनं एकदा मला बाजारात शिंपल्या नासक्या आहेत का ते हुंगताना पकडलं होतं. अजून कान वाजतो."

पोरगा नुसता ओरडणाराच नव्हता, डोकंही होतं. गणित त्याला चटकन यायचं, आकाशातले तारे त्याच्या ओळखीचे झाले, आणि वादळात मस्तुलावर चढताना तो शिट्टी वाजवायचा. पुढं खलाशांमधून निवडक हुशार पोरांना अधिकारी करायची एक वाट आरमारानं ठेवली होती. अरुंद वाट, शंभरात एखाद्याला मिळायची. बाविसाव्या वर्षी सायलसला ती मिळाली, आणि बाहीवर पहिली सोनेरी पट्टी चढली.

पट्टी चढली आणि खरी अडचण सुरू झाली. ऑफिसर मेसमध्ये बाकीचे सगळे लहानपणापासून एकाच साच्यातून आलेले. कुणाचा बाप ॲडमिरल, कुणाचा काका लॉर्ड. सूप कुठल्या चमच्यानं प्यायचं हे सायलस शेजारच्याचं बघून शिकला, ते जमलं. पण बोलणं? त्याच्या तोंडात कॉर्नवॉलची बोली अशी मुरलेली, की दोन शब्दांत गाव कळायचं. लेफ्टनंट लायोनेल व्हेन नावाचा एक देखणा, उंच अधिकारी त्याची नक्कल फार छान करायचा. "हॅनाफर्ड, ते 'समुद्र शांत आहे' एकदा म्हण ना. माझ्या बहिणीला पत्रात कळवायचंय, आमच्याकडे एक समुद्री चाचा पकडून ठेवलाय म्हणून." सगळे हसायचे. सायलसही हसायचा, आणि केबिनमध्ये जाऊन आरशासमोर ओठ बारीक करून हळू, गोड, लंडनच्या दिवाणखान्यात शोभेल असं बोलायची तालीम करायचा.

वर्षभरात त्याला ते साधलंही. मग माल्टाच्या बंदरात एक दिवस त्यांची विनाशिका धक्क्याला लागत होती. सायलस जहाजाच्या पुढच्या टोकाला, हाताखाली दहा-बारा खलाशी, वारा अंगावर. जहाज पुढं सरकत होतं आणि आता दोर फेकायचा होता. सायलसनं आपल्या नव्या, मऊ आवाजात सांगितलं, की पुढचा दोर आता फेकावा. खलाशी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यानं पुन्हा सांगितलं, तितक्याच सभ्यपणे. तोवर जहाजाचं तोंड वाऱ्यानं वळलं आणि संत्र्यांनी भरलेल्या एका होडीला हळूच जाऊन भिडलं. होडीवाला वेळेवर पाण्यात उडी मारून वाचला, पण सगळं बंदर नारिंगी झालं. संत्री लाटांवर नाचत होती आणि होडीवाला पोहत पोहत माल्टाच्या भाषेत जे बोलत होता त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

कप्तानानं सायलसला बोलावलं.

"हॅनाफर्ड, तुम्ही तिथं पुढं काय पुटपुटत होता? प्रार्थना चालली होती का?"

"नाही, साहेब. हुकूम देत होतो."

"कुणाला? स्वतःला?"

सायलसची मान खाली गेली. "साहेब, मी... नीट बोलायचा प्रयत्न करत होतो."

कप्तानानं टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "हे बघा. नीट बोलणारे माझ्याकडे अकरा जण आहेत. त्यांतले दहा जण वाऱ्यात ऐकू येत नाहीत. तुम्हाला मी मागून घेतलं ते कशासाठी, वाटलं? जा आता, त्या होडीवाल्याची माफी मागा. मोठ्यानं."

सायलस धक्क्यावर गेला आणि त्यानं माफी मागितली. बंदराच्या पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढणारी बाई दचकून आत पळाली म्हणतात. त्या दिवसापासून त्यानं आरशासमोर बोलणं सोडलं. व्हेननं दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा नक्कल सुरू केली तेव्हा सायलस शांतपणे म्हणाला, "व्हेन, 'समुद्र'मधला स तुझा चुकतो. जीभ जरा खाली ठेव. असं." आणि त्यानं म्हणून दाखवलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. व्हेनच सगळ्यांत मोठ्यानं हसला, आणि पुढं त्यानं नक्कल केली ती फक्त सायलसच्या देखरेखीखाली.

मग युद्ध आलं. सायलसला त्याचं पहिलं स्वतःचं जहाज मिळालं, 'टीझल'. छोट्या रक्षक जहाजांना तेव्हा फुलांची नावं द्यायचे. याच्या वाट्याला काटेरी बोंडाचं नाव आलं होतं. अटलांटिक ओलांडणाऱ्या मालवाहू जहाजांचे तांडे राखायचे, हे काम. टीझल लाटांवर अशी डोलायची की खलाशी म्हणायचे, दवबिंदूवर सोडली तरी लोळेल. चहा कपात ठरत नसे, कोरडा मोजा ही ऐष होती, आणि कप्तानाचा आवाज वादळातही इंजिनपर्यंत पोचायचा, त्यामुळे बोलायच्या नळ्या गंजून गेल्या तरी कुणी मनावर घेतलं नाही.

बेचाळीसच्या हिवाळ्यात एका पहाटे पाणबुडीच्या पाणतीरानं टीझलचं तोंड उडवलं. पुढचा एक तृतीयांश भाग तुटून गेला आणि त्यात झोपलेली माणसंही गेली. एकोणीस जण. सायलसला त्या प्रत्येकाचं नाव ठाऊक होतं, कोण कुठल्या गावचा तेही.

उरलेल्या जहाजाला पुढून फक्त एक आडवी पोलादी भिंत राहिली होती. तिच्यापलीकडे अख्खा अटलांटिक. मुख्य इंजिनिअर मॅकरेडी वर आला. ग्लासगोचा माणूस, तोंड काजळीनं माखलेलं.

"साहेब, ती भिंत फुगतेय. जरा जोरात पुढं गेलो की लाट तिला कागदासारखी फाडेल."

"मग पुढं जायचंच नाही," सायलस म्हणाला.

"इथंच थांबायचं?"

"मागं मागं जायचं, चीफ. शेपूट पुढं करून. थेट आयर्लंडपर्यंत."

मॅकरेडीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "साहेब, जहाज त्यासाठी बांधलेलं नसतं."

"तोंडाशिवाय चालण्यासाठीही बांधलेलं नसतं. विचारून बघू तिला. ऐकेल."

आणि टीझल निघाली, उलटी. मागं मागं चालणारं जहाज सुकाणूला जुमानत नाही. सरळ जायला सांगावं तर शेळीसारखं बाजूला ओढतं. सायलस कप्तानाच्या उघड्या मंचावर पाठमोरा उभा राहून, मैलामागून मैल, बरगड्या दुखेस्तोवर हुकूम देत राहिला. घसा बसला तेव्हा स्वयंपाक्यानं त्याला गरम रममध्ये मध घालून दिलं, आणि आवाज परत येईपर्यंत स्वयंपाकीच शेजारी उभा राहून त्याचे कुजबुजलेले हुकूम पुढं ओरडत राहिला. त्या स्वयंपाक्याला पुढं जन्मभर लोक 'कमांडर' म्हणायचे.

आयर्लंडच्या किनाऱ्याशी आले तेव्हा बंदरावरच्या चौकीनं दिव्यानं विचारलं: जाताय की येताय?

सायलसनं उत्तर पाठवलं: येतोय. उरलो तेवढे.

धक्क्यावर लोक जमले होते. आधी कुणीतरी टोपी काढली, मग सगळ्यांनी. सायलसला पदक मिळालं. त्यानंतर दरवर्षी त्या तारखेला तो जिथं असेल तिथं कुठलंसं प्रार्थनागृह गाठायचा आणि मनातल्या मनात एकोणीस नावं म्हणायचा.

युद्ध संपलं, आणि बाहीवरच्या पट्ट्या वाढत गेल्या. कमांडर, कॅप्टन, आणि शेवटी, वयाच्या पन्नाशीत, रिअर ॲडमिरल. सॉल्टॅशमध्ये बातमी आली तेव्हा किझाया बाजारात होती. कुणीतरी धावत येऊन सांगितलं, "किझाया, तुझा सायलस ॲडमिरल झाला!"

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तरी बायको करेल. ए, तो शिंपला दाबून नको बघूस, जिवंत आहे तो!"

ॲडमिरल म्हणून त्याचं निशाण 'टॅव्हिस्टॉक' नावाच्या क्रूझरवर चढायचं होतं, आणि क्रूझर घराजवळच, डेव्हनपोर्टसमोर नांगरलेली. सायलसनं आईला चहाला बोलावलं. गाडी पाठवतो म्हणाला, धक्क्यावर त्याची खास चकचकीत लाँच तयार ठेवली. जहाजावर सगळे झगझगीत गणवेशात उभे. ठरलेली वेळ झाली. लाँच रिकामीच परत आली. गाडीवाला म्हणत होता, म्हातारी घरी नाही.

तेवढ्यात पहाऱ्यावरच्या खलाशाला एक जुनी, डांबर फासलेली होडी सरळ जहाजाकडे येताना दिसली. वल्ह्यांवर काळी टोपी घातलेली चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. आरमाराचा रिवाज असा, की येणाऱ्या होडीला हाक मारून आत कोण आहे ते विचारायचं, आणि होडीतून आपल्या हुद्द्याप्रमाणे उत्तर यायचं. खलाशानं रिवाजाप्रमाणे हाक दिली, "होडीत कोण?"

खालून उत्तर आलं, "सायल्याची आई!"

ते सगळ्या क्रूझरला ऐकू आलं. बॉयलरखोलीतसुद्धा. डेकवर उभ्या असलेल्या चारशे माणसांचे ओठ आत ओढले गेले. ॲडमिरलसाहेबांचे कान लाल झाले, आणि मग त्यांनाच हसू आवरेना.

त्या जहाजाचा कप्तान कोण होता म्हणाल, तर लायोनेल व्हेन. केस पांढरे झाले होते, पण देखणेपणा तसाच होता. तो स्वतः शिडी उतरून खाली गेला आणि त्यानं हात पुढं केला.

"मॅडम, सांभाळून."

"आधी ही टोपली घे. केशरी पाव आहेत, ओले करू नकोस. तू कोण?"

"कॅप्टन व्हेन, मॅडम."

"अच्छा! तो नक्कल करणारा?"

व्हेन शिडीवर थांबलाच. "सायलसनं सांगितलं तुम्हाला?"

"सगळं सांगितलंय. कर बघू एकदा."

आणि कॅप्टन व्हेननं, एका हातात पावांची टोपली आणि दुसऱ्या हातात म्हातारीचा हात धरून, युद्धनौकेच्या शिडीवर उभं राहून 'समुद्र शांत आहे' म्हणून दाखवलं. किझायानं मान तिरकी करून ऐकलं. "चालेल," ती म्हणाली. "आमच्या बाजारात एक-दोन दिवस खपशील." वर आल्यावर शिट्ट्यांची मानवंदना झाली, ती तिनं संपेपर्यंत सहन केली, आणि रांगेकडे बघून म्हणाली, "एवढे सगळे उभे का? कामं नाहीत का यांना?" व्हेननं त्या दुपारी पाच केशरी पाव खाल्ले.

तीन वर्षांनी सायलस निवृत्त होऊन सॉल्टॅशला परतला. बाप केव्हाच गेला होता. आईचे गुडघे आता चढ चढत नव्हते, आणि सॉल्टॅशमध्ये चढाशिवाय रस्ता नाही. तेव्हा ॲडमिरलनं एक मॉरिस मायनर घेतली. घेतल्यावर लक्षात आलं, की आपल्याला गाडी चालवता येत नाही. जन्म समुद्रावर गेला. जमिनीवर असायचा तेव्हा आरमाराचा ड्रायव्हर असायचा.

गावात गाडी शिकवायची ती थॉमसिन रंडल. गॅरेजवाल्या रंडलची विधवा, पंचेचाळिशीची, बारीक अंगाची, नाकावर चष्मा. पहिल्या दिवशी गाडीत बसल्यावर ॲडमिरल म्हणाले, "निघायला तयार आहे!"

थॉमसिननं कानावरचे केस सारखे केले. "ॲडमिरल, गाडीत आपण दोघंच आहोत."

पुढं जाणं जमलं. गाडी मागं घेणं जमेना. उलटं जाऊन कोपरा वळायचा, ही परीक्षेतली मुख्य गोष्ट, आणि ॲडमिरल हमखास फुटपाथवर चढायचे. पहिल्या परीक्षेत ते पोस्ट ऑफिससमोरच्या जिरॅनियमच्या वाफ्यात गेले. परीक्षक मिस्टर पेंगेली उतरले आणि चालत घरी गेले. गावाला तर सणच मिळाला. "अटलांटिकभर जहाज उलटं आणलं म्हणे," खाटीक काउंटरवरून म्हणायचा, "आणि पोस्टाचा कोपरा राहिला!"

एक दिवस थॉमसिननं गाडी बंद करायला लावली. "मी बघतेय. तुम्ही गाडीला हुकूम देता आणि मग वाट बघता. इथं हुकूम घेणारं कुणी नाही. चाक तुमच्याच हातात आहे."

सायलस आपल्या हातांकडे बघत बसला. खरंच होतं. तीस वर्षं तो बोलत होता आणि चाक दुसरंच कुणीतरी फिरवत होतं. "मिसेस रंडल," तो म्हणाला, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"ॲडमिरलला कोण सांगणार?"

पुढच्या परीक्षेत तो पास झाला. त्याच संध्याकाळी थॉमसिनला घरी सोडताना, फोर स्ट्रीटच्या ऐन चढावर, त्यानं गाडी थांबवली आणि तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात?" थॉमसिननं विचारलं. "ऐकू नाही आलं."

तो खाकरला, आणि त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी सगळ्या फोर स्ट्रीटला ऐकू गेलं. दुकानांच्या दारांत माणसं आली. वरच्या अंगाला हॅनाफर्डांची खिडकी उघडली आणि किझायाचा आवाज आला, "हो म्हण गं बाई! नाहीतर तो परत विचारेल!"

थॉमसिन हसून लाल झाली आणि हो म्हणाली.

लग्नानंतर कुठं जायचं ते तिनं ठरवलं. "तुम्ही सिंगापूर पाहिलंय, हाँगकाँग पाहिलंय. इंग्लंडचा मधला भाग पाहिलाय?" नव्हता पाहिला. तेव्हा मॉरिसमधून ते डर्बीशायरला गेले, जिथून समुद्र सगळीकडून सारखाच लांब, आणि एका शेतघरात उतरले. सायलसला सुरुवातीला वाऱ्यात मीठ नाही म्हणून झोप येईना. मग त्याला गाई आवडायला लागल्या. सकाळी उठून तो कुंपणाला टेकून त्यांच्याकडे बघत उभा राहायचा.

शेताचा मालक, हीथकोट म्हणून एक जाडजूड म्हातारा, एकदा शेजारी येऊन टेकला. "तुम्ही काय काम करत होतात?"

"बोटीवर होतो," सायलस म्हणाला.

"मासेमारी?"

"नाही. पहारा."

"अस्सं. थंडी वाजत असेल."

"फार."

हीथकोटनं मान डोलावली. "ही तांबडी दोन-चार दिवसांत व्याईल. पहिलीच वेळ आहे तिची, जरा घाबरट आहे. बघायचं असेल तर राहा."

सायलस घरात गेला. थॉमसिन बॅग भरत होती. तो दारात उभा राहून, कधी नव्हे तो हळू आवाजात, म्हणाला, "आणखी आठवडाभर राहिलो तर चालेल का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि बॅगेतून त्याचे रबरी बूट परत बाहेर काढले.